चोवीस तास आधी

गुडघ्यांनी जिना नाकारला
म्हणून मी अल्व्हास्टनच्या बैठ्या घरात आले,
आणि डर्बीतलं ते विटांचं अरुंद घर,
दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांना टेकलेलं,
भाड्याने द्यायचं ठरलं.

ठरवणं सोपं होतं. मग प्रश्न सुरू झाले.
किती भाडं म्हणजे वाजवी?
अकरा वर्षं मी भाडेकरू होते, तेव्हा
प्रत्येक आकडा अन्यायच वाटला.
आता तसलाच एक मी कागदावर लिहिला,
खोडला, वीस पाउंड कमी केले,
रात्री उठून त्यातले दहा परत वाढवले.

गॅस तपासायला माणूस आला,
बॉयलरसमोर उकिडवा बसला, दाखला दिला.
म्हणाला, दरवर्षी हं.
धूर ओळखणारी छतावरची पांढरी तबकडी
बोट लावताच नीट किंचाळली.
आमच्या फोडण्यांच्या काळात तिची बॅटरी
मीच काढून ठेवायचे,
हे त्याला सांगितलं नाही.

मग नोंदी करणारी पोरगी आली, हातात टॅबलेट.
ओटा : गोल जळका डाग, जुना.
मागची खोली : भिंतीत खिळ्यांची भोकं, सात.
सात? मी कधी मोजली नव्हती.
'वापराने होते ती झीज,' ती म्हणाली,
'तिचे पैसे कुणाकडून कापता येत नाहीत.'
बरं, म्हटलं.
दिगंबरने घाईत टेकवलेला तवा
कुणाच्या खात्यात धरायचा, ते विचारलं नाही.

भाडेकरू मिळाला : गेथिन, वेल्सचा, रेल्वेत सिग्नलचं काम,
सोबत त्याची पोटुशी लोवरी
आणि एक म्हातारा कुत्रा.
कुत्रा चालेल का, हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता.
माझ्या चपलेवर हनुवटी ठेवून
कुत्र्यानेच तो निकालात काढला.

पण कायदा सांगतो, पासपोर्ट बघा. सगळ्यांचे बघा.
चेहरा पाहून कुणाला सूट नाही.
गेथिनने खिशातून काढून दिला, बसचं तिकीट द्यावं तसा.
मी पान उलटलं, फोटो ताडला, तारीख वाचली.
एक्क्याण्णव साली मिस्टर हॅसलमच्या दारात
माझा असाच उलटला गेला होता,
पुढून मागे, मागून पुढे,
आणि मी तळवे कोटाला पुसत उभी.
गेथिनचे हात कोरडे होते.
मीच माझे पुसले.

मिस्टर हॅसलम बेल न वाजवता आत यायचे,
झाकण उचलून पातेल्यात बघायचे.
घर त्यांचं होतं ना.
मला मात्र स्वतःच्या घरात शिरायला
चोवीस तास आधी कळवावं लागतं.
वाचलं तेव्हा आधी राग आला,
मग इतकं बरं वाटलं की परत वाचलं.

अनामत पाच आठवड्यांची. ती माझी नव्हे,
तीस दिवसांत तिसऱ्याच्या हवाली.
शब्दातच होतं की ते.

काल रात्री अकराला फोन.
गेथिन धापा टाकत : पाणी! सगळीकडे पाणी!
बंद कुठून करायचं?

करार बावीस पानांचा. त्यात हे कुठेच नाही.
मी अंधारात पलंगावर उठून बसले, डोळे मिटले
आणि नोटीस न देता स्वयंपाकघरात गेले.
सिंकखाली वाक. उजवीकडची फळी काढ.
कोपरापर्यंत हात घाल, पितळी चावी लागेल.
रुसते ती. फडकं गुंडाळ, आधी किंचित उलटी फिरव.
उलटी?
उलटी. मग सुलटी.

कुत्रा भुंकत होता. लोवरी काहीतरी ओरडली.
मग पाणी थांबल्याचा आवाज.
तो असतो. त्या घरात राहिलेल्याला ऐकू येतो.

'बघायला येताय?' त्याने विचारलं.
'प्लंबर सकाळी सातला पाठवते,' म्हटलं.
'मी परवा येईन.
हे आत्ता कळवलं, असं धर.'